कुलरच्या १८ वॅट पंपावर गच्चीतले कारंजे

बागेत शोभेल अशा आकाराचे फायबरचे किंवा रेझिनचे तयार कारंजे घ्यायला गेले की काही हजार रुपये सहज मोजावे लागतात, आणि त्याच्या पोटात बसवलेला पंप बऱ्याचदा त्याच जातीचा असतो जो उन्हाळ्यात कुलरच्या टाकीत बुडवून ठेवतात. हा पंप सुटा विकत घेतला तर मला अडीचशे ते तीनशे रुपयांत मिळाला आहे. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत तो मिळतो आणि इतर गावांत कुलर दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही दुकानात विचारावा. गच्चीवर, बाल्कनीत किंवा अंगणाच्या कोपऱ्यात थोड्या पैशांत वाहते पाणी हवे असणाऱ्यांसाठी हा पंप कितपत उपयोगी आहे आणि त्याच्याकडून कसली अपेक्षा ठेवू नये, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

पंपाच्या अंगावरच्या चिठ्ठीवर साधारणपणे १८ वॅट, १६५ ते २५० व्होल्ट, उंची १.८५ मीटर आणि ताशी ११०० लिटर असे आकडे छापलेले असतात. यांतले शेवटचे दोन आकडे एकाच वेळी कधीही मिळत नाहीत, ही गोष्ट खरेदीपूर्वीच समजून घेतली पाहिजे. पाणी अजिबात वर चढवायचे नसेल तेव्हाच पूर्ण प्रवाह मिळतो, आणि १.८५ मीटर उंचीवर प्रवाह शून्यावर येतो. म्हणून चार फूट उंचीवरून धबधबा पाडण्याचा बेत या पंपावर आखू नये. गुडघाभर उंचीपर्यंत मात्र तो मन लावून काम करतो. नळी हव्या त्या उंचीवर धरून दहा लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळावर पाहावे. माझ्याकडे गुडघ्याच्या उंचीवर ती एक मिनिटाच्या आत भरली, म्हणजे ताशी सहाशे लिटरांहून अधिक पाणी मिळाले, आणि घरगुती कारंज्याला एवढे पुष्कळ होते.

या पंपावर मी ज्या रचना केल्या त्यांत जात्याची रचना मला सर्वांत समाधान देणारी वाटते. अनेक घरांत जुने जाते माळ्यावर किंवा मागच्या अंगणात पडून असते. त्याच्या वरच्या दगडाला धान्य घालण्याचे तोंड आरपार असते, त्यामुळे भोक पाडण्याचा खर्च आणि दगड तडकण्याची भीती दोन्ही टळतात. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या टबात सिमेंटची भक्कम कुंडी उलटी ठेवावी, तिच्या तळाच्या भोकातून अर्धा इंची पारदर्शक नळी वर काढावी आणि जात्याचा दगड, दळण्याची बाजू वर करून, त्या भोकावर बेतून ठेवावा. नळी आणि दगडाचे तोंड यांमधली फट एपॉक्सी पुट्टीने भरली की पाणी तोंडाशी उमळून येते, दगडभर पसरते आणि कडेवरून टबात उतरते. पाथरवटाने कधीकाळी टाकी लावून घेतलेले बारीक घाव त्या पातळ पाण्याखाली उठून दिसतात, आणि सकाळचे ऊन तिरपे पडत असताना प्रत्येक खळग्यात उजेड हलताना दिसतो. इतके देखणे काम कोणत्याही तयार कारंज्यात माझ्या पाहण्यात आलेले नाही.

येथे एक पथ्य पाळावे. पंप उलट्या कुंडीच्या पोटात ठेवण्याचा मोह होतो, कारण तेथे तो दिसत नाही. पण मग सफाईसाठी दर वेळी तो जड दगड उचलावा लागतो. कुंडीच्या काठाला खाच पाडून नळी आत न्यावी आणि पंप बाहेर, हात पोचेल अशा जागी, जाळीच्या परडीत ठेवावा. परडीमुळे पालापाचोळा अडतो आणि तळाशी बसलेला गाळही पंपात ओढला जात नाही.

आवाजाविषयी दुकानदार काही सांगत नाहीत, म्हणून लिहितो. दगडाला चिकटून उतरणारे पाणी जवळजवळ मुके असते. आवाज हवा असेल तर कडेवरून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत वीतभर तरी मोकळी धार पडली पाहिजे. पंपाच्या तोंडाजवळ प्रवाह कमीजास्त करण्याची छोटी खुंटी असते, ती थोडी थोडी फिरवत गेल्यास खळखळ आणि झुळझुळ यांमधला आपल्याला हवा तो स्वर सापडतो. पाणी जितक्या उंचीवरून पडते त्याच्या दुपटीइतकी टबाची रुंदी असावी, नाहीतर शिंतोड्यांनी पाणी बाहेर जाऊन टब रोज उणा होतो. पंपाची स्वतःची गुणगुण मात्र सपाट तळावर ठेवल्यास ऐकू येते. खालचे रबरी कप नीट चिकटले, किंवा खाली स्पंजचा तुकडा ठेवला, तर ती बरीच दबते.

आता या पंपाचा खरा दोष. मी पाहिलेल्या बहुतेक नमुन्यांची वायर जेमतेम दीड मीटर आहे आणि तिला दोन पिनांचा प्लग आहे, म्हणजे अर्थिंग नाही. मोटरचे वेटोळे रेझिनमध्ये बंद केलेले असते, त्यामुळे नवा पंप सुरक्षित असतो. पण रेझिनला चीर गेली किंवा वायरचे आवरण सोलले गेले तर टबातल्या पाण्यात वीज उतरू शकते. ज्या वस्तूच्या शेजारी लहान मुले पाण्यात हात घालणार आहेत, तिच्याबाबतीत ही उणीव मी किरकोळ मानत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह आपोआप तोडणारी कळ, बसवलेल्या जोडणीवरच हा पंप लावावा, पाण्यात हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी प्लग काढावा, वायरचा जोड टबाच्या आसपासही येऊ देऊ नये, आणि वायरला प्लगच्या खाली झोल ठेवावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता खाली ठिबकेल. पावसाळ्यात उघड्या गच्चीवर झाकणाचा सॉकेट नसेल तर पंप बंदच ठेवलेला बरा. पंपावर वाचवलेले पैसे या जोडणीवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी काळजी कोरडे चालण्याची. एप्रिल-मे महिन्यांत रुंद टबातले पाणी झपाट्याने उडते, आणि पाण्याशिवाय फिरणारा पंप थोड्याच वेळात तापून निकामी होतो. त्यामुळे उन्हाळ्यात रोज सकाळी पातळी पाहणे आवश्यक आहे. मातीच्या रांजणाचे कुंड केल्यास तो झिरपतो, म्हणून त्याला आतून जलरोधक रंगाचे दोन हात द्यावेत. कुंभारवाड्यात न भाजलेला भाग राहिलेले रांजण स्वस्तात मिळतात, पण ते घेऊ नयेत, कारण सतत पाण्यात राहून त्यांची माती सुटते.

सफाई सोपी आहे आणि हीच या पंपाची मोठी जमेची बाजू. पुढचे झाकण ओढले की चुंबकाचा छोटा रोटर बोटांनी बाहेर काढता येतो. चुंबक त्याला किंचित मागे खेचत असतो. त्याच्या पात्यांवर हिरवट बुळबुळीत थर जमलेला असतो, तो जुन्या टूथब्रशने निघतो. बोअरवेलच्या पाण्यात पांढरे क्षार चढतात आणि रोटर अडकू लागतो. तेव्हा सगळे भाग काही वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की क्षार सुटतात.

डासांचा प्रश्न दरवेळी विचारला जातो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अनुकूल हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. हलणारे पाणी त्याला मानवत नाही, परंतु रात्री पंप बंद असतो आणि टबाच्या कोपऱ्यांत पाणी तसेही स्थिर राहते. म्हणून एकतर आठवड्यातून एकदा टब रिकामा करून घासावा किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत. मासे सोडायचे असल्यास नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग भरावे, आणि नव्या सिमेंटची कुंडी आधी काही दिवस पाणी बदलत भिजवावी, कारण तिच्यातून सुटणारा चुना माशांना मारतो. कडेला वेखंड किंवा अळू छान वाढते. कुमुदिनीला मात्र पानांवर पडणारे शिंतोडे सोसत नाहीत.

विजेचा खर्च नगण्य आहे. रोज सहा तास चालवल्यास महिन्याला सव्वातीन युनिटच्या आसपास वीज लागते. तरंगणारे छोटे सौर पंप याहून सुरक्षित आहेत हे खरे, पण बॅटरी नसलेल्या पंपावरून ढग सरकला की धार बसते, आणि संध्याकाळी, जेव्हा माणसे गच्चीवर येऊन बसतात, तेव्हा तो थांबलेला असतो.

पंप, नळी, टब, सिमेंटची कुंडी आणि पुट्टी मिळून माझा खर्च हजार रुपयांच्या आत राहिला. जाते घरचे होते. बाल्कनीत मांडताना वजनाचा हिशेब करावा, कारण साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, आणि दगड व कुंडी वेगळी. असा टब कठड्याकडे न ठेवता भिंतीलगत ठेवावा. दुकानात पैसे देण्यापूर्वी पंप पाण्याच्या बादलीत चालवून दाखवायला सांगावे, वायर लांब असलेला नमुना मागून घ्यावा आणि झाकण उघडून रोटर सहज फिरतो का, ते तिथेच पाहावे.