उद्याचे आभाळ दाखवणारी विहीर : अशक्य गोष्ट पटवण्याच्या वाटांचा तुलनात्मक आढावा

समजा, एका लेखकाला एवढेच सुचले आहे : लातूरकडच्या एका गावात जुनी, दगडी बांधणीची विहीर आहे आणि तिच्यात डोकावले की पाण्यात आजचे नव्हे, उद्याचे आभाळ दिसते. कल्पना चांगली आहे, गाव ओळखीचे आहे, माणसेही डोळ्यांसमोर आहेत. अडते ते एकाच ठिकाणी. ही विहीर वाचकाला पटवायची कशी? विज्ञानकथा, फँटसी किंवा गूढकथा लिहू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकासमोर हा प्रश्न पहिल्या दोन-तीन पानांतच उभा राहतो, आणि पुष्कळ जण त्याचे उत्तर विचारपूर्वक निवडत नाहीत. जे लेखन आपल्याला आवडते त्याचीच वाट नकळत धरतात. पुढे मध्यावर कथा रुतली की दोष पात्रांचा वाटतो, पण तो बऱ्याचदा या पहिल्या निवडीचा असतो. म्हणून एकच विहीर घेऊन निरनिराळ्या वाटा येथे शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत.

त्याआधी ‘पटणे’ म्हणजे काय ते ठरवून घेतलेले बरे. इंग्रजी कवी कोलरिज यांनी १८१७ साली कवितेच्या संदर्भात, वाचक आपला अविश्वास स्वेच्छेने बाजूला ठेवतो, असे म्हटले होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांना हे पुरेसे वाटले नाही. परीकथांविषयी १९३९ मध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असा विचार मांडला की कथेतले जग स्वतःच्या नियमांशी सुसंगत राहिले तर वाचक त्या जगात असेपर्यंत त्यावर विश्वासच ठेवतो, आणि अविश्वास प्रयत्नपूर्वक दाबून ठेवण्याची वेळ आली की जादू आधीच ओसरलेली असते. ‘हिरवा सूर्य’ हे शब्द कोणीही उच्चारू शकतो. तो सूर्य जिथे स्वाभाविक वाटेल ते जग उभे करायला मात्र कष्ट पडतात. मला टॉल्किन यांची बाजू अधिक बरोबर वाटते, कारण ती जबाबदारी वाचकाच्या औदार्यावर न टाकता लेखकाच्या कामावर टाकते. पुढची सगळी तुलना याच कसोटीवर केली आहे.

कारण सांगणारी वाट

पहिली वाट कारणमीमांसेची. ही घटना अशक्य दिसते, पण तिच्यामागे असे असे तत्त्व आहे, असे लेखक सांगतो. आपल्या विहिरीसाठी कारण शोधायला बसलो की एक विलक्षण गोष्ट घडते. प्रकाशाचा वेग माध्यमात कमी होतो, हे शाळेत शिकलेले असते. १९९९ साली भौतिकशास्त्रज्ञ लेने हाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशीत सोडियमच्या अणूंमधून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरपर्यंत खाली आणला होता. तेव्हा या विहिरीच्या पाण्यात प्रकाश एक दिवस रेंगाळतो असे म्हटले, तर वाचक मान डोलावण्याची शक्यता आहे. पण मग दिसेल ते कालचे आभाळ. उद्याचे आभाळ दाखवायचे तर प्रकाश निघण्यापूर्वीच पोचायला हवा, आणि तिथे कार्यकारणभावाचाच धागा तुटतो. म्हणजे कारण सांगण्याच्या ओढीने लेखक हळूहळू कालच्या आभाळाकडे सरकतो, आणि पेरणीची, उद्याच्या धास्तीची कथा आठवणींची कथा होऊन बसते. तीही सुंदर होऊ शकेल. फक्त ती त्याला लिहायची नव्हती. या वाटेची खरी किंमत ही आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

दुसरी अडचण काळाची. जूल्स व्हर्न यांनी १८६५ च्या कादंबरीत माणसांना ९०० फूट लांबीच्या तोफेतून चंद्राकडे धाडले. एच. जी. वेल्स यांनी १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा ‘कॅव्होराइट’ हा पदार्थ कल्पून त्याच प्रवासाची सोय केली. व्हर्न यांना ते मानवले नाही. आपण भौतिकशास्त्राचा आधार घेतला आणि वेल्स यांनी नुसता शोध लावला, असला धातू असेल तर तो दाखवावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आज हिशेब केला तर चित्र वेगळे दिसते. ९०० फुटांच्या अंतरात सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग गाठायचा तर आतल्या माणसांवर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजारपटीहून अधिक ताण येईल, म्हणजे तोफ सुटताच प्रवासी चिरडले जातील. आकडे देणारा लेखक आपल्या कथेला तपासणीसाठी खुली करतो, आणि तपासणी पुढच्या शतकातही चालू राहते. वेल्स यांनी एकच अशक्य गोष्ट मागून घेतली आणि बाकी सारे, माणसांच्या भीतीपासून त्यांच्या हव्यासापर्यंत, नेहमीच्या जगातले ठेवले. म्हणून त्यांचा खोटा धातू टिकला.

तरीही ही वाट मी सोडून द्या म्हणणार नाही, कारण मराठीत तिचा चांगला दाखला आहे. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१ च्या लढाईत विश्वासराव बचावल्यामुळे इतिहासाने वेगळे वळण घेतलेले आहे आणि आपल्या जगातले इतिहासाचे प्राध्यापक त्या दुसऱ्या भारतात जाऊन येतात. नारळीकर खगोलभौतिकीचे शास्त्रज्ञ होते. पहिल्याच पानावर पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) समजावून सांगणे त्यांना सहज जमले असते. कथेत मात्र आधी प्रवास आहे, आगगाडी आहे, ओळखीच्या मुंबईचे अनोळखी रूप आहे, आणि शास्त्रीय चर्चा परतल्यानंतर येते. शिवाय त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचे एक पान प्राध्यापकांच्या हाती उरते. अनुभव आधी आणि कारण नंतर, हा क्रम नवोदित लेखकाने बारकाईने अभ्यासावा असा आहे. उलट क्रमाने लिहिलेली विज्ञानकथा पाठ्यपुस्तकाच्या वळणावर जाते, मग तिच्यातले विज्ञान कितीही अचूक असो.

कारण न सांगणारी वाट

दुसऱ्या वाटेवर लेखक खुलासा करतच नाही. काफ्का यांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत फिरता विक्रेता असलेला नायक सकाळी किड्याच्या रूपात जागा होतो, आणि त्याची पहिली काळजी चुकलेल्या गाडीची व साहेबांच्या रागाची असते. तो का बदलला हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि वाचक विचारतही नाही, कारण कामावर उशीर होण्याची धास्ती त्याला स्वतःच्या पोटातून ओळखीची असते. कोलंबियाचे कादंबरीकार मार्केस यांनी एका मुलाखतीत सांगितले होते की आकाशात हत्ती उडताहेत असे म्हटले तर लोक मानणार नाहीत, पण चारशे पंचवीस हत्ती उडताहेत म्हटले तर कदाचित मानतील. हे वाक्य अनेकदा उद्धृत होते आणि त्यातून तपशील वाढवा एवढाच धडा घेतला जातो. तो अपुरा आहे. त्यांच्या १९६७ च्या कादंबरीत एक तरुणी घडी घालायच्या चादरींसकट सदेह आकाशात जाते. तिथे चादरींचा तपशील महत्त्वाचा आहेच. पण प्रसंग पक्का होतो तो त्यानंतर, जेव्हा घरातली दुसरी स्त्री आपल्या चादरी परत मिळाव्यात म्हणून देवाची प्रार्थना करत राहते. चमत्कार झाला की नाही, याविषयी तिला शंका नाही. तिची तक्रार चादरींची आहे. चमत्काराकडे पाहणारी माणसे आपल्या रोजच्या स्वार्थाने वागली की चमत्कार आपोआप घटना होतो.

आपली विहीर या वाटेने लिहायची तर गावाला तिचे नवल उरलेले नसावे. शेजारीण पापड घालण्याआधी विहिरीत डोकावून जाते. लग्नाचा मांडव कोणत्या दिवशी उघड्यावर घालावा यावरून दोन घरांत जुना वाद आहे. विहीर ज्याच्या वाट्याला आली त्या भावाकडे दुसरा भाऊ पाण्याचा नव्हे, आभाळाचा हिस्सा मागतो. या वाक्यांत विहिरीचे समर्थन नाही, आणि म्हणूनच ती पटते.

या वाटेचा धोका सुरात आहे. निवेदकाने एकदा जरी ‘आश्चर्य म्हणजे’ किंवा ‘कोण जाणे कसे’ असे म्हटले, तरी वाचकाच्या मनातला परीक्षक जागा होतो. विशेषणांनी गूढ वाढत नाही, उलट लेखकाची धाकधूक उघडी पडते. शिवाय या वाटेने लिहिलेल्या कथेत अशक्य गोष्टीच्या जोरावर पेच सोडवता येत नाही. जिचे नियम वाचकाला माहीत नाहीत अशा विहिरीने शेवटच्या पानावर नायकाला वाचवले, तर ती लेखकाची सोय दिसते.

नियम बांधणारी वाट

तिसरी वाट या उणिवेचे उत्तर देते. ब्रँडन सँडरसन या अमेरिकन फँटसीकाराने २००७ मध्ये आपला पहिला नियम मांडला : जादू वापरून पेच सोडवण्याची लेखकाची क्षमता वाचकाला ती जादू जितकी समजली असेल तितकीच असते. इथे कारण सांगायचे नसते. काय होते, काय होत नाही आणि त्याची किंमत कोण मोजते, एवढे ठरवायचे असते.

विहिरीला हा न्याय लावून पाहू. उद्याचे आभाळ, पण केव्हाचे? समजा, बरोबर याच वेळेचे. किती? विहिरीच्या तोंडाएवढेच. ढग दिसतात, पण त्यांतून किती पाणी उतरणार ते दिसत नाही. ही मर्यादा दिसायला किरकोळ आहे, पण कथा तिच्यातच आहे : ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असा कृषी खात्याचा सल्ला असतो, विहिरीत भरून आलेले आभाळ पाहून एक जण घाई करतो, शिडकावा होऊन ढग पांगतात, आणि ज्याच्या घरी भविष्य दाखवणारी विहीर आहे त्याच्यावरच दुबार पेरणीची पाळी येते. असा प्रसंग वाचल्यावर विहीर खरी आहे का, हे विचारायला वाचकाला सवड राहत नाही.

आणखी एक पायरी खाली उतरू. विहिरीत वाकून पाहणाऱ्याला आभाळाबरोबर आपला चेहराही दिसतो. मग या विहिरीत आजचा चेहरा दिसणार नाही. उद्या याच वेळी जो कठड्यावरून वाकेल त्याचा दिसेल. रोज पहाटे ठरल्या वेळी पाण्याला येणारी म्हातारी रोज आपलाच, उद्याचा चेहरा पाहत आली आहे. एके पहाटे पाण्यात नुसते आभाळ दिसते. इथे लेखकाने नवे काहीही कल्पिलेले नाही. पहिल्या अशक्य गोष्टीतून ते सरळ निघाले आहे, आणि चाणाक्ष वाचकाच्या मनात ते लेखकाच्या आधीही येऊ शकते. वाचकाने स्वतः काढलेला निष्कर्ष तो सहसा नाकारत नाही. माझ्या मते या वाटेची सर्वांत मोठी ताकद हीच आहे.

पण लगेच पुढचा प्रश्न येतो. चेहरा दिसला नाही तरी ती हट्टाने दुसऱ्या दिवशी आली तर? उद्या बदलता येतो की येत नाही, हे लेखकाने लिहायला बसण्यापूर्वी ठरवलेच पाहिजे, आणि एकदा ठरवले की आपल्या लाडक्या पात्रासाठीही मोडता कामा नये. नियमांची वही भरत बसण्याचा मोह मात्र टाळावा. वाचकाला चार नियम लक्षात राहतात, चाळीस राहत नाहीत.

श्रद्धेचा आणि संशयाचा आधार

आणखी दोन वाटांविषयी थोडक्यात सांगतो. लोकश्रद्धेतली गोष्ट, कोकणातला राखणदार किंवा पिंपळावरचा मुंजा, कथेत आणली तर वाचक अर्धा तयार असतो. पण ही पुण्याई परंपरेची असते. परक्या वाचकाकडे ती नसते, आणि मराठी वाचकही सांकेतिकपणाला लवकर कंटाळतो. दुसरी वाट गूढकथेची, जिच्यात घटना खरी की भास हे ठरू दिले जात नाही. तोदोरोव या समीक्षकाने १९७० मध्ये हा दोलायमानपणाच अद्भुताचे लक्षण मानला. लघुकथेत तो फार परिणामकारक ठरतो. मोठ्या कादंबरीत टिकवणे कठीण जाते, कारण वाचक तीनशे पाने एका पायावर उभा राहत नाही.

निवड कशी करावी

निवडीसाठी मी सर्वांत आधी एकच प्रश्न विचारेन : शेवटचा पेच अशक्य गोष्टीमुळे सुटतो का? सुटत असेल तर नियमांची वाट घ्यावी, दुसऱ्या कशाने ते दिवाळखोरीचे वाटेल. अशक्य गोष्ट केवळ माणसांवर प्रकाश टाकत असेल तर खुलासा न करणे चांगले. आणि शोध हाच कथेचा विषय असेल, म्हणजे पात्रांनाच ‘हे कसे घडते’ या प्रश्नाने पछाडले असेल, तर कारण दिलेच पाहिजे, कारण वाचकही त्याच प्रश्नासाठी थांबलेला असतो. मात्र त्या विषयाचे ज्ञान लेखकाकडे हवे. चार लेख वाचून उसनी घेतलेली परिभाषा जाणकाराला लगेच ओळखू येते.

दुरुस्तीचा खर्चही ध्यानात घ्यावा. कारणाच्या वाटेवर एक वैज्ञानिक चूक सापडली तर बहुधा एक प्रकरण बदलावे लागते. नियमांच्या वाटेवर एक नियम बदलला तर सगळी संहिता पुन्हा तपासावी लागते. खुलासा न करणाऱ्या वाटेवर चूक सापडतच नाही, फक्त सूर बिघडलेला जाणवतो, आणि तो नेमका कोणत्या वाक्यापासून बिघडला हे शोधणे या तिन्हींत अवघड आहे. पहिलीच कथा लिहिणाऱ्याला मी म्हणून नियमांची वाट सुचवेन : तिच्यातल्या चुका निदान दिसतात.

आपल्या विहिरीपुरते विचाराल तर नियम तिसऱ्या वाटेचे आणि सूर दुसऱ्या वाटेचा, असे मी ठरवेन. विहीर अशी का आहे, हे कोणीही सांगणार नाही; ती काय दाखवते आणि काय दाखवत नाही, हे मात्र पापड, मांडव आणि पेरणी यांच्या निमित्ताने वाचकाला हळूहळू कळत जाईल, आणि म्हातारी कठड्यावरून वाकेल त्या पहाटेपर्यंत त्याला ते इतके अंगवळणी पडलेले असेल की ‘त्या दिवशी पाण्यात आभाळ तेवढे होते’ एवढे एक वाक्य पुरेल.