पायथनचं कासव घेऊ की पी५?

मावसभाऊ दहावीची परीक्षा संपल्यापासून मागे लागलाय, दादा चित्रं हलवणारं कोडिंग करायचंय, पायथनचं टर्टल घेऊ की पी५.जेएस? टर्टल म्हणजे पायथन या कोडिंगच्या भाषेत पडद्यावरच्या कासवाला हुकूम देऊन चित्रं काढायचं साधन, पी५.जेएस म्हणजे जावास्क्रिप्ट भाषेत ब्राउझरमध्ये चित्रं काढायचं साधन. दोन्ही फुकट, त्यामुळे पैशाचा मुद्दा निकालात.

सुरुवात टर्टलची सोपी. पायथनसोबतच येतं, कासवाला १०० पुढे, १४४ अंश उजवीकडे असं पाच वेळा सांगितलं की चांदणी तयार, आणि वाय वरच्या दिशेला वाढतो, शाळेतल्या आलेखासारखाच. पी५ मध्ये तो खाली वाढतो, मी पहिल्या दिवशी चेंडू वर उडवायला गेलो तर तो खालून गायब, अर्धा तास डोकं खाजवत बसलो.

पण माऊसशी खेळायचं तर पी५च. त्यातलं ड्रॉ, म्हणजे चित्र पुन्हा पुन्हा काढणारा कोडचा भाग, सेकंदाला साधारण ६० वेळा चालतं, माऊस असेल तिथे गोल काढ म्हटलं की तो मागे मागे पळतो, आणि बॅकग्राउंडची, म्हणजे आधीचं चित्र पुसणारी, ओळ ड्रॉमधून सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या सेटअपमध्ये टाकली की त्याच गोलाला लांबलचक शेपटी फुटते. एक ओळ इकडची तिकडे, बस्स! क्लिक नि ड्रॅग टर्टलमध्येही जमतं, पण शेकडो आकार एकदम हलवायला घेतले की कासव ते कासवच.

पुढे पायथनच शिकायचंय, भूमितीच्या नक्षीत रमतोस, तर टर्टल. लॅपटॉप नाही, मोबाईलच्या ब्राउझरवरच करायचंय, मित्रांना लिंक पाठवून खेळवायचंय, तर पी५.