फोंताईन्हास म्हणून मला इटलीची गल्ली विकली, साडेसतरा हजारांना

लिहू की नको करत दोन महिने गेले, कारण कॉमिकसाठी फोंताईन्हासची, म्हणजे पणजीतल्या जुन्या पुर्तुगेज घरांच्या वस्तीची, थ्रीडी गल्ली विकत घेताना आपण फसलो हे चारचौघात सांगायला लाज वाटते आणि त्यातही मी अकाउंट्सला काम करणारा माणूस, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासतो, पण गेल्या आठवड्यात डिचोलीच्या एका मुलानं तोच माणूस, तीच बोलायची पद्धत, तेच "पात्रांव" (कोकणीत मालक) सांगितलं तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं.

मी हौस म्हणून एक कॉमिक करतोय. नुआर. म्हणजे ते ४०च्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेपटांसारखं, अर्धी फ्रेम काळी, खिडकीच्या पट्ट्यांची सावली तोंडावर, कोणावर विश्वास ठेवायचा कळत नाही असं सगळं. गोष्ट १९५६ची, पणजीतली. १५ ऑगस्ट १९५५च्या सत्याग्रहानंतर भारतानं सीमा बंद केली, रेल्वे बंद, आणि तेव्हाच्या गोव्यात बाहेरून सोनं, घड्याळं, दारू उतरत होती नि रातोरात घाटावर चढत होती. नुआरला याहून चांगली जमीन कुठे मिळणार? माझा डिटेक्टिव्ह मात्र ट्रेंचकोट घालत नाही, आमच्या हवेत ट्रेंचकोट घातला तर दुसऱ्या पानावरच घामानं मरेल. लिननचा कोट नि छत्री.

मला हातानं चित्रं काढता येत नाहीत. म्हणून डॅझ स्टुडिओ. प्रोग्राम फुकट आहे, पैसे लागतात ते माणसं, कपडे, घरं यांच्या तयार मॉडेल्सना. बाहुली उभी करायची, पोझ द्यायची, दिवे लावायचे, कॅमेरा ठेवायचा, रेंडर मारायचा, म्हणजे त्याचं चित्र बनवून घ्यायचं, मग वर फुगे नि मजकूर. ऐकायला सोपं. पण त्याचं आयरे रेंडरर एनव्हिडियाच्याच ग्राफिक्स कार्डावर पळतं आणि अख्खा सीन कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे, नाहीतर सगळं काम प्रोसेसरवर येऊन पडतं. माझ्या लॅपटॉपचं कार्ड ४ जीबीचं. एक ४के टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचं चित्र, कच्चं धरलं तर जवळजवळ ५० एमबी, एका माणसाच्या अंगावर अशी दहा-पंधरा, त्यात गल्ली, त्यात दोन माणसं… एका फ्रेमला पाच तास. पावसाळ्यात मध्येच लाईट गेली की शंख.

आणि फोंताईन्हासची गल्ली कुठल्याच दुकानात तयार मिळत नाही. तिथेच माझं घोडं अडलं होतं आणि तिथेच हा भेटला.

थ्रीडीवाल्यांच्या एका ग्रुपवर मी विचारलं होतं की गोव्यातलं जुनं घर कोणी मॉडेल करून देईल का. तासाभरात मेसेज. "पात्रांव, मी मडगावचो." काम तयारच आहे म्हणाला, फोंताईन्हासची गल्ली त्यानं स्वतः फिरून, फोटो काढून, मोजमाप घेऊन सहा महिने बसून केलीय. तीन चित्रं पाठवली. काळी-पांढरी, कॉन्ट्रास्ट एकदम चढवलेला, दगडी फरसबंदीवर ओला उजेड, एका बाजूला पायऱ्या, वर कठडा, बाकी सगळा काळोख. मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं हीच माझी गल्ली! मी नुआर करतोय हे मी पोस्टमध्येच लिहिलं होतं हो, त्यानं मला हवं तेच दाखवलं. दिवसाउजेडाचं एक तरी चित्र दाखव असं मी म्हटलंच नाही, मला तर काळोखच हवा होता.

सौदा असा: गल्ली आणि डिटेक्टिव्ह मिळून साडेसतरा हजार. आधी ५,०००. मग तो त्याच्या मोठ्या मशीनवर माझ्या स्क्रिप्टप्रमाणे बॅकग्राउंड रेंडर करून देणार तेव्हा ७,५००. शेवटी सीनची मूळ फाईल देताना ५,०००. मला हे फार शहाणपणाचं वाटलं, टप्प्याटप्प्यानं पैसे, काम बघून पैसे. आमची ही म्हणाली, "अहो, एकदा व्हिडिओ कॉल तरी करा त्याला." मी म्हटलं कलाकार माणूस आहे, लाजतो.

तिन्ही पेमेंट यूपीआयनं. तिन्ही वेळा वेगळा आयडी, आणि पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर बँकेतलं जे नाव येतं ना, ते तिन्ही वेळा वेगळं. एकदा तो भावोजी होता, एकदा "मित्राचं खातं, माझं लिमिट संपलं", तिसऱ्यांदा मी विचारलंही नाही. ऑफिसात एखाद्या व्हेंडरनं असं केलं असतं तर मी बिल तोंडावर फेकलं असतं.

काम आलं मात्र. बावीस बॅकग्राउंड, चांगल्या रिझोल्यूशनची, सगळी रात्रीची. मी त्यावर माझी माणसं बसवली, मजकूर टाकला, सोळा पानांचा पहिला अंक म्हापशात पन्नास प्रती छापून घेतला. ओळखीच्यांनी घेतल्या, कौतुक झालं, मी आठवडाभर हवेत.

शेजारच्या काकांनीही एक प्रत घेतली. वय ८४, पणजीच्या आल्तिनवरच्या लिसेवात, म्हणजे पुर्तुगेज हायस्कुलात शिकलेले, अजून पुर्तुगेजमध्ये पुटपुटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पदेर पाव टाकून गेला आणि त्याच्या मागोमाग हे कुंपणाशी हजर, हातात अंक, नववं पान उघडलेलं. त्या पानावर डिटेक्टिव्ह काडी पेटवतो आणि त्या उजेडात मागच्या दुकानाच्या पाटीची शेवटची अक्षरं दिसतात. ई, टी, टी, ई, आर, आय, ए.

"हो बोर्ड खंयचो रे?"

मी म्हटलं काका, जुनं दुकान असणार कसलंतरी.

"हें पुर्तुगेज न्हय. पुर्तुगेजांत अशे दोन टी येनात."

मी हसून सोडून दिलं. पण रात्री त्या माणसाला विचारलं. त्याचं उत्तर तयार: "दादा, जुनें स्पेलिंग तें, राजाच्या काळचं." मला पटलं! काकांना सांगितलं तर ते चिडलेच. पुर्तुगेजांनी १९११मध्ये स्पेलिंगं सुधारली, जोडअक्षरं तेव्हाच काढून टाकली, तुझी गोष्ट १९५६ची ना, मग पंचेचाळीस वर्षं तो दुकानदार पाटी रंगवायचा विसरला की काय? मला वाटलं म्हातारा माणूस आहे, मास्तरकी करायची सवय. शेवटचे ५,००० मी त्यानंतर दोन दिवसांनी पाठवले. हे लिहितानाही कान गरम होतात.

फाईल आली ती पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये. पासवर्ड पैसे पोचल्यावर. उघडली, डॅझमध्ये टाकली आणि इथे त्याची एक चूक झाली, किंवा त्याला पर्वाच नसेल. सीनमध्ये त्यानं एकही दिवा ठेवला नव्हता. आणि डॅझमध्ये सीनला दिवाच नसेल तर कॅमेऱ्याचा हेडलॅम्प आपोआप लागतो, खाणकामगाराच्या टोपीवरच्या बॅटरीसारखा. म्हणजे जी गल्ली मी चार महिने फक्त काळोखात पाहिली होती ती पहिल्यांदा लख्ख उजेडात समोर आली.

पाटीवर लिहिलं होतं पानेत्तेरिया. इटालियनमध्ये बेकरी. आमच्याकडे पादारिया म्हणतात हो, गोव्यातलं पोर सांगेल. शेजारी दुसरी पाटी, तीही इटालियन. भिंती दगडी, उघड्या. फोंताईन्हासला उघडा दगड? तिथे गिलावा नि वर पिवळा, निळा, तांबडा रंग, शिंपल्यांची तावदानं, मंगळुरी कौलं, बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी. यातलं एक नाही. कठडे तेवढे लोखंडी होते आणि तेवढ्यावर माझ्या डोळ्यांनी उरलेलं गाव स्वतःच बांधून घेतलं होतं.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. डॅझच्या फाईलला डीयूएफ म्हणतात, ती आतून साधा मजकूरच असतो, बहुतेक वेळा दाबून ठेवलेला, सेव्हन-झिपनं सोडवली की नोटपॅडमध्ये उघडते. वरच्या चार ओळींतच कोणी बनवलं त्याची जागा असते. तिथे यानं स्वतःचं नाव घातलं होतं, तेवढी अक्कल होती. पण खाली टेक्स्चर कुठल्या फोल्डरमधून उचलायचं त्याचे पत्ते असतात, ते बदलले तर गल्ली पांढरी फटक दिसते, म्हणून ते तसेच. आणि प्रत्येक पत्त्यात खऱ्या बनवणाऱ्याचं नाव, ओळीमागून ओळ, दोनशे तरी वेळा. त्याची पहिली तीन चित्रं घेतली, फोनवर ब्राइटनेस चढवून काळोख काढला आणि चित्रावरून शोधणाऱ्या गूगल लेन्सला दिली. तिसऱ्याच रिझल्टला दुकानाचं पान. आमच्या पैशात सतराशेच्या आसपास किंमत. डिटेक्टिव्हचं तर विचारूच नका, स्टॉकमधला पुरुष, नाक थोडं ओढलेलं, वर हॅट.

मी रागानं सगळं त्याला पाठवलं. त्यावर त्याचा मेसेज बघा: कमर्शियल लायसन्सचं सर्टिफिकेट राहिलंय, ३,५०० पाठवा, मग कोणी काही करू शकणार नाही. सोबत शिक्का मारलेली पीडीएफ. निर्लज्जपणाला पण काही माप असतं. बरं, या दुकानांचं लायसन्स साधारण असं असतं की ज्यानं विकत घेतलं त्यानं त्यातून चित्रं काढून विकावीत, कॉमिक छापावं, हरकत नाही, पण मूळ फाईल दुसऱ्याला द्यायची नाही. म्हणजे ह्याचं सर्टिफिकेट कागदाची होडी करायच्याच लायकीचं. आणि माझा छापलेला अंक चोरीच्या मालावर उभा. मी गुपचूप ती गल्ली खऱ्या दुकानातून विकत घेतली, बनवणाऱ्याला मेल करून काय झालं ते सांगितलं. त्यानं दोन ओळींत नीट उत्तर दिलं, त्या माणसाची माहिती मागितली, मी दिली.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन केला, सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही टाकली. फोनवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराच्या नंबरचा, माझ्याकडे पेमेंटचे स्क्रीनशॉट होते आणि अर्ध्यांत नंबर कापलेला, मग बँकेच्या ॲपमध्ये जाऊन एकेक शोधला. पहिलं पेमेंट चार महिन्यांपूर्वीचं, शेवटचं नऊ दिवसांपूर्वीचं. ताबडतोब कळवलं तर खात्यातले पैसे गोठवता येतात, नऊ दिवसांत ते तीन खाती फिरून एटीएममधून बाहेर पडलेले असतात. तक्रारीचा नंबर मिळालाय. पैसे नाही. मी ते नऊ दिवस काय करत होतो विचाराल तर लाजत होतो, आणि आपणच चोरीचा माल छापलाय तर आपल्यालाच धरतील अशी भीती. त्या डिचोलीच्या मुलानं पण तेच सांगितलं, शब्दाला शब्द.

त्याला मी सांगितलं ते इथेही सांगतो. कोणी "मी स्वतः मॉडेल केलंय" म्हणाला की वायरफ्रेम मागा, म्हणजे रंग-टेक्स्चर काढून नुसत्या रेषांची जाळी, आणि फोटो नको, समोर गल्ली फिरवून दाखवतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. ज्यानं सहा महिने बसून केलंय तो कौतुकानं दाखवेल, तुम्ही कंटाळाल इतकं दाखवेल. माझ्या माणसाला मी एकदा मागितली होती, तर म्हणाला वायरफ्रेम दाखवली की लोक चोरतात. आणि एक चित्र भर दुपारचं मागा, सावली नको, कॉन्ट्रास्ट नको, तुमचं कॉमिक कितीही काळं असू दे.

दुसरा अंक थांबलाय. रविवारी सकाळी मी फोंताईन्हासजवळच्या मळा भागात जातो, टेप घेऊन, पायरीची उंची, खिडकीची रुंदी वहीत लिहितो, लोक बघतात. रात्री ब्लेंडर या मॉडेल बनवायच्या प्रोग्राममध्ये बसतो, तोही फुकटच. दोन महिन्यांत एक घर झालंय, त्याची एक खिडकी अजून चौकटीच्या बाहेर येते. काकांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि कौलांचा उतार चुकलाय म्हणाले. त्यांच्याकडच्या प्रतीत नवव्या पानावर त्यांनी ती अक्षरं बॉलपेननं खोडून वर पादारिया लिहिलंय, मी बघितलं ते, त्यांच्या टीपॉयवर होती.