पंचाहत्तर इंची पॅनल, नऊ महिने आणि डावा कोपरा

आमच्या कोथरूडच्या शाळेत गेल्या जूनमध्ये ७५ इंची पॅनल बसलं, म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा. वीस बोटांचा टच, अँड्रॉइड वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडते. मी लिहायला बसले ती डाव्या खालच्या कोपऱ्यामुळे.

खोडरबराचं बटण नेमकं त्या कोपऱ्यात. ऑक्टोबरात ते आपोआप दाबलं जायला लागलं. धाराविद्युतचं अर्धं सर्किट काढून वर्गाकडे वळावं, तर मागे बॅटरी गायब. मुलं खूश. "बाई, भूत!"

तक्रार नोंदवली, पॅनल बंद ठेवलं. सर्व्हिसवाला अकराव्या दिवशी उगवला, तोही गुरुवारी, लाइट नसताना. (यूपीएस कोटेशनमध्ये 'ऑप्शनल' होता, म्हणजे आपल्या खिशातून.) पुन्हा आला तेव्हा उभ्या उभ्या म्हणाला, "पॅनल ओके आहे मॅडम, रूमचा प्रॉब्लेम आहे." व्हिजिट चार्ज सहाशे. वॉरंटीत! मी सही केली नाही.

चिडून मॅन्युअल वाचलं. काचेला स्वतःला काही कळत नाही. चौकटीत इन्फ्रारेडचे दिवे असतात, समोर रिसीव्हर. बोट आडवं आलं की किरण अडतो आणि जागा समजते. आमच्या पॅनलच्या डाव्या हाताला जुना फळा, त्यावर मी अजून खडूने लिहिते. सगळी भुकटी त्या कोपऱ्यात साचलेली. पॅनलला वाटत होतं, कुणीतरी बोट ठेवूनच बसलंय. घरातला दाढीचा जुना ब्रश आणून झाडलं, भूत गेलं. म्हणजे त्याचा 'रूमचा प्रॉब्लेम' खरा होता, कबूल. पण मग ब्रश मारायला सांगायचं ना! साडेतीननंतर पश्चिमेचं ऊन थेट पडलं की टच अजूनही बिथरतो. पडद्याचं कोटेशन बघून तिथे चादर बांधली आहे.

पॅनलबद्दलचं माझं मत बदललं ते पॅनल बंद होतं त्या दिवसांत. सायकलच्या दुकानातून वीस रुपयांची व्हॉल्व्ह ट्यूब आणली आणि काडेपेट्या रिकाम्या केल्या. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची ही जुनी युक्ती. टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा काढून ते १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले होते, तेव्हाची. पुढे ते इथे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात होते. काडीचा गुल खरवडायचा, ट्यूबच्या तुकड्यात दोन्हीकडून काड्या खुपसायच्या, झाला सांधा. त्रिकोण दाबला तरी ढिम्म, चौरस लगेच कलंडतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो पॅनलपुढे कधी फिरकला नव्हता, चौरसात तिरपी काडी घालायला बघत होता. पुरेना. मग त्याने चौरसच दाबून काडी बसवली आणि वैतागून म्हणाला, "बसली बाई, पण आता हा चौरस नाही राहिला." कर्ण बाजूपेक्षा मोठा का, हे मी फळ्यावर लिहिलं ते त्यानंतर.

टच वीस बोटांचा असला तरी तासाला पॅनलपुढे येतात चार मुलं, उरलेली चव्वेचाळीस बघत बसतात. हे मला जूनमध्ये दिसायला हवं होतं. तेव्हा मी त्या चकचकीत काचेवर भाळले होते.

तरी पॅनल भंगारात काढा असं म्हणणार नाही. कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत, फुकट आहेत. तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना अख्ख्या वर्गाला दिसतात. खऱ्या सेल-बल्बात ते दिसायचे नाहीत. मी आधी सेल-बल्ब हातात देते, मग हे दाखवते. कंपनीचं कंटेंट मात्र घेऊ नका. दुसऱ्या वर्षापासून त्याचे पैसे, आणि बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर आमच्यापुरतं पुष्कळ मिळतं.

काल एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीचं, कोटेशन आलं, चौदा हजार. त्यात 'फ्रेम क्लीनिंग' अशी वेगळी ओळ आहे. मुख्याध्यापकांकडे पाठवून दिलं, वर ब्रश ठेवून.