काचेच्या फोल्डिंग दरवाज्यात मांजराची झडप बसवली, सहा महिने वापरून लिहितेय

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. झडप, म्हणजे मांजराला स्वतःच ये-जा करता यावी म्हणून दारात बसवायचं छोटं झुलतं दार, फ्लॅप म्हणतात तेच, उत्तम आहे, ज्या काचवाल्यानं शेवटी ती बसवून दिली त्याचं काम उत्तम आहे, आणि त्याच्याआधी ज्या एजन्सीला काम दिलं होतं तिच्यामुळे सात आठवडे फुकट गेले. ज्यांच्या घराला काचेचा फोल्डिंग दरवाजा आहे आणि घरात मांजर आहे त्यांनी फ्लॅप विकत घ्यायच्या आधी हे वाचा, कारण आपण सगळे फ्लॅपच बघत बसतो, कुठला चांगला, कुठला आवाज करतो, आणि खरं काम असतं काचेचं.

आमचा दरवाजा चार पल्ल्यांचा, अॅल्युमिनियमच्या चौकटीचा, खालपासून वरपर्यंत नुसती डबल काच, मधे कुठे आडवी पट्टी नाही. सगळे पल्ले घडी करून एका बाजूला सरकवले की अख्खी भिंतच उघडते, फार सुंदर दिसतं, पण एरवी मांजराला बाहेर सोडायचं म्हणजे हँडल वळवा, जड पल्ला ढकला, मग ती उंबरठ्यावर दोन मिनिटं उभी राहून विचार करणार, तोवर थंडीच्या दिवसात घरातली सगळी ऊब बाहेर. चिंगी अकरा वर्षांची आहे, मागचे पाय आता जरा धरतात, ती ओरडत नाही, नुसती काचेपाशी जाऊन बसते आणि नाक टेकवते. रोज पुसूनही काचेवर एकाच जागी, एकाच उंचीला तिच्या नाकाचे ओले ठसे. बंड्याचं सगळं उलट, तरुण बोका, पहाटे चारला पंजानं काच खरवडणार आणि दार उघडेपर्यंत थांबणार नाही.

सगळ्यात आधी ओळखीचा एक मिस्त्री आला, म्हणाला डायमंडचा कटर आणतो, अर्ध्या तासात भोक पाडून देतो. तेव्हा मी काचेच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं, तिथे नखाएवढा पांढरट शिक्का होता, टफन्ड म्हणून. तो शिक्का दिसला की मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवायचं, कटर लावू द्यायचा नाही. टफन्ड काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं एकदम गार केलेली असते, त्यामुळे बाहेरचा थर आत दाबलेला आणि मधला भाग ताणलेला असा तिच्यात कायमचा जोर अडकून राहतो, त्याच जोरावर ती मजबूत असते. पण एका जागी जरी खोल चीर गेली तरी तो सगळा जोर एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचे बारीक बारीक तुकडे होऊन खाली येतात. तिला कापायचं, भोक पाडायचं, कड घासायची, जे काय करायचं ते भट्टीत जायच्या आधी. शिक्का सापडला नाही तर उन्हात पोलराइज्ड गॉगल लावून काचेकडे तिरकं बघा, कितीतरी टफन्ड काचांवर गडद ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसते, आमच्या काचेवर तर स्पष्ट दिसली.

त्यात ही डबल काच. दोन काचांच्या मधे कडेनं एक पट्टी असते, तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात, मधल्या पोकळीत बऱ्याचदा आरगॉन वायू असतो आणि बाहेरून सगळं सीलबंद. त्या सीलला धक्का लागला की आत वाफ धरते आणि मग ती काच कितीही पुसा, धुरकटच. म्हणून झडपेसाठी नवीन काच बनवावी लागते, दोन्ही तावांना कारखान्यातच गोल भोक, मग दोन्ही भट्टीत, आणि जोडताना भोकाच्या काठानंही वेगळी गोल पट्टी लावून सील. थोडक्यात, काचेला भोक पाडून मिळत नाही, भोकासकट काच करून घ्यावी लागते. हे मला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं. लाकडी दाराचं बरं, इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये जुन्या खगोल घड्याळाखालच्या लाकडी दाराला मांजरासाठी पाडलेलं गोल भोक शेकडो वर्षं झाली तरी अजून आहे, तिथल्या उंदरांसाठी मांजर सोडायचे.

बरं, साधी एकेरी काच असेल तर जागेवर गोल कापून देणारे काचवाले आहेत, पण दाराच्या खालच्या भागात साधी काच असणंच धोक्याचं, पोरं, मांजरं सगळी तिथेच आदळतात, त्यामुळे बदलायचीच आहे तर टफन्ड करून घ्या.

आता फोल्डिंग दाराचा खास प्रश्न, आणि यावर कुणी बोलतच नाही. पल्ले घडी होतात तेव्हा एकमेकांना चिकटून उभे राहतात, मधे जेमतेम बिजागरीएवढी फट असते. फ्लॅप काचेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतो, आतल्या बाजूला तर जास्तच कारण बॅटऱ्या आणि मांजर ज्यातून जातं तो बोगद्यासारखा भाग तिकडे. मधल्या पल्ल्यात बसवलात तर दार पूर्ण घडीच होणार नाही, किंवा कुणीतरी जोर लावेल आणि फ्लॅप शेजारच्या काचेवर दाबला जाईल. आम्ही काय केलं, फ्लॅपच्या मापाचे पुठ्ठ्याचे दोन डबे केले, एक आतल्या जाडीचा, एक बाहेरच्या, काचेवर चिकटपट्टीनं लावले आणि दार हळूहळू घडी करून बघितलं. दुसऱ्या पल्ल्यावर डबा चेपला. तिसऱ्यावर पण. रोज ये-जा करायचा जो टोकाचा पल्ला, जो एकटा उघडतो आणि बाहेर पूर्ण फिरून शेजारच्याला पाठ लावून उभा राहतो, त्याची आतली बाजू घडीतही मोकळी राहते, तिथे डबा शाबूत राहिला आणि बाहेरच्या बाजूला हँडलमुळे आधीच फट होती त्यात बाहेरची चौकट मावली. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण ऑर्डर द्यायच्या आधी करा.

रोजच्या पल्ल्याचा एक तोटा म्हणजे कुलूप त्यालाच. भोकातून हात घालून कुणाला आतलं हँडल वळवता येता कामा नये, म्हणून भोक बिजागरीच्या बाजूला, खाली, हँडलपासून जितकं लांब जाईल तितकं लांब ठेवायचं ठरवलं. चावी दारालाच लटकवून ठेवायची सवय होती ती पण सोडली.

आणि इथेच त्या एजन्सीनं घोळ घातला. त्यांचा माणूस आला, मापं घेतली, कागदावर चित्र काढलं, भोक डावीकडे. पण चित्र आतून बघितल्याचं की बाहेरून हे कुठेच लिहिलं नाही. पाच आठवड्यांनी काच आली, उचलून लावायला गेले तर भोक बरोब्बर हँडलखाली. माणूस म्हणाला काही नाही हो मॅडम, काच फिरवून लावतो. फिरवून लावता येत नाही! आमच्या काचेला ऊब आत ठेवणारं लो-ई कोटिंग आहे, ते पोकळीच्या आतल्या ठराविक बाजूला असतं, काच उलटी केली की ते चुकीच्या तावावर जातं आणि शेजारच्या पल्ल्यांच्या मानानं काचेचा रंगही वेगळा दिसू शकतो. मी फोनचा टॉर्च काचेसमोर धरून त्याला दाखवलं, दोन तावांच्या चार पृष्ठभागांची चार प्रतिबिंबं दिसतात आणि त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असतं, तेच कोटिंग, ते कितवं येतं यावरून बाजू कळते. त्यानं दोनदा बघितलं, मग मान्य केलं. पण त्यांच्या ऑफिसनं नाही केलं, ते म्हणत राहिले की चित्रावर तुमची सही आहे. दोन आठवडे फोनाफोनीत गेले, शेवटी मी काम काढून घेतलं. तेव्हाचा राग अजून गेलेला नाहीये, कारण त्या सगळ्या दिवसांत चिंगी थंडीत दाराशी बसून होती.

दुसरा काचवाला मात्र हिरा. आल्या आल्या विचारलं, मांजर कुठाय, आधी मांजर दाखवा. चिंगीला उभी करून पोटाची उंची मोजली, चौदा सेंटीमीटर भरली. झडपेचा खालचा काठ त्याच्या आसपास असावा असं म्हणतात, पण काचेच्या दाराला खाली अॅल्युमिनियमची पट्टी, आणि भोक काचेच्या कडेच्या फार जवळ नेलं तर काच कमजोर होते म्हणून तिथेही अंतर सोडावं लागतं, त्यामुळे काठ त्याहून बराच वर गेला. त्यानं सरळ सांगितलं की इतकं वर जाणार, म्हाताऱ्या मांजरासाठी आतून बाहेरून एकेक पायरी करा. केली, लाकडी फळीची, वर जुन्या गालिच्याचा तुकडा. चित्रावर त्यानं स्वतः मोठ्या अक्षरात लिहिलं "आतून बघताना", भोकाचं केंद्र खालून किती, बिजागरीच्या कडेपासून किती, कोटिंग कुठल्या बाजूला, आणि फ्लॅपच्या कागदावरचं माप तपासलं, आमच्या फ्लॅपला काचेत गोल भोक २१२ मिलीमीटरचं लागतं आणि शिवाय काचेसाठीची वेगळी अडॅप्टर रिंग लागते. ती रिंग खोक्यात नव्हती, वेगळी मागवावी लागली. हे मुद्दाम लिहितेय.

काच बसवायला दोन माणसं, दीड तास. चौकटीच्या पट्ट्या काढल्या, रबरी चोषकांनी जुनी काच उचलून बाजूला ठेवली, नवीन बसवली. मी जवळ उभी राहून बघत होते, काचेच्या खाली आणि बाजूंना प्लास्टिकच्या छोट्या चपट्या पट्ट्या सरकवत होता, एक घालायचा, दार मिटून बघायचा, काढायचा, जरा जाड घालायचा. म्हणाला पल्ल्याचं वजन या पट्ट्यांवर तोलायचं, बिजागरीच्या बाजूला खाली आणि तिरकं समोर वर, नाहीतर पल्ला महिन्याभरात झुकतो आणि कुलूप लागेनासं होतं. आमचं अजून एका बोटानं लागतं.

फ्लॅपबद्दल. मायक्रोचिप वाचणारा आहे, मांजराच्या खांद्यांमधे जी तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते तिचा १५ आकडी नंबर ओळखून कडी सोडतो. चिपमधे बॅटरी नसते, फ्लॅपच्या लहरींवरच ती तेवढ्यापुरती जागी होते. शिकवायचं म्हणजे बटण दाबायचं आणि मांजराला एकदा आत डोकं घालू द्यायचं, बास. शेजारचा धटिंगण बोका पहिल्या रात्री येऊन तीनदा डोकं आपटून गेला, कडी सुटली नाही. चार डबल ए बॅटऱ्या लागतात, आमच्या सहा महिन्यांत एकदाच बदलल्या. बंड्याची चिप जरा खांद्याकडे सरकलेली आहे, डॉक्टरांनी स्कॅनर फिरवून दाखवलं, त्यामुळे त्याला अजूनही अर्धा सेकंद जास्त थांबावं लागतं. काचेत बसवल्याचा एक फायदा म्हणजे वाचण्यात अडथळा नाही, धातूच्या पत्र्यात बसवलं तर त्रास होतो.

तक्रारी दोन. कडीचा "टक्" आवाज रात्री ऐकू येतो, आणि वारा थेट त्या बाजूनं आला की झडप थोडी हलते, बारीक झोत आत येतो. बाकीच्या डबल काचेइतकी ऊब तेवढ्या गोलात राहणार नाही, हे धरूनच चाला.

बंड्या दुसऱ्या दिवशी शिकला. चिंगीला त्या "टक्"ची भीती बसली, ती मागे सरकायची. मग आम्ही आठवडाभर झडप वर करून चिकटपट्टीनं बांधून ठेवली, नुसतं भोक, ती आरामात ये-जा करायला लागली, मग अर्धी खाली सोडली, मग पूर्ण सोडली पण कडी बंद केली नाही, आणि तीन आठवड्यांनी कडी चालू केली. एकदाही तिला ढकललं नाही, ढकलू नकाच, एकदा घाबरलं की मांजर महिनाभर त्या दाराकडे बघत नाही.

भाड्याचं घर असेल तर मालकाला लेखी विचारा, आणि दार वॉरंटीत असेल तर बनवणाऱ्यालाही, काच बदलल्यावर काय होतं ते. सरकता दरवाजा असलेल्यांना काच न बदलता कडेला उभा बसवायचा पॅनल मिळतो, तो घर सोडताना काढून नेता येतो, फोल्डिंगला ते जमत नाही.

काचवाल्याला पाचपैकी पाच, फ्लॅपला साडेचार. जुनी काच टाकून दिली नाही, घोंगडीत गुंडाळून माळ्यावर उभी ठेवलीय, कोपऱ्यात चिठ्ठी लावून, ही बाजू आत. गुंडाळताना बघितलं तर त्यावर चिंगीच्या नाकाचे ठसे होते, ते पुसले नाहीत.