एएमएल रेमिशनमध्ये: ट्रान्सप्लांट आत्ताच, की नुसती केमो?

एएमएल या रक्ताच्या कर्करोगात पहिल्या केमोनंतर बोनमॅरोत ब्लास्ट (अपक्व पेशी) पाच टक्क्यांच्या खाली आले की डॉक्टर रेमिशन म्हणतात आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण उपचार इथेच थांबवले तर आजार बहुधा उलटतो. त्यामुळे पुढे एकतर हाय-डोस सायटाराबीनचे तीन-चार राउंड, नाहीतर दुसऱ्याच्या स्टेम सेल घेऊन ट्रान्सप्लांट.

सुरुवातीला पाठवलेला जनुकीय रिपोर्ट आधी काढा. त्यात इन्व्हर्शन १६ हा गुणसूत्रातला बदल असेल, किंवा एफएलटी३-आयटीडी हा जनुकबदल नसताना एनपीएम१ हा बदल असेल आणि एमआरडी, म्हणजे बारीक तपासणीत दिसणारा उरलेला आजार, तीही निगेटिव्ह असेल, तर सहसा केमोच पुरते. टीपी५३ जनुकात बदल किंवा कॉम्प्लेक्स कॅरिओटाइप (गुणसूत्रांत एकाच वेळी अनेक बदल) असेल आणि तब्येत झेपणारी असेल, तर ट्रान्सप्लांट. एएमएलच्या एम३ या उपप्रकाराचं सगळंच वेगळं. तिथे पहिल्या रेमिशनमध्ये ट्रान्सप्लांटचा विषयच नसतो.

खरी ओढाताण मधल्या गटाची, म्हणजे ज्यांचा रिपोर्ट ना चांगला ना वाईट. २०२३ मध्ये अशाच रुग्णांवरच्या जर्मनीतल्या एका अभ्यासाचे निकाल आले. दोन वर्षांनी आजार न उलटता राहिलेले ट्रान्सप्लांट गटात ६९ टक्के, केमो गटात ४०. पण हयात किती? ७४ आणि ८४. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणजे केमोवाल्यांचा आजार जास्त वेळा उलटला, तरी ते मागे पडले नाहीत, कारण उलटलेल्यांना नंतर ट्रान्सप्लांट मिळालं. आपल्याकडे घोडं नेमकं इथेच अडतं. डोनर ठरलेला नाही, पैशांची जुळवाजुळव नाही आणि आजार परतला, तर त्या ८४ चा आधार आपल्याला घेता येत नाही. माझं मत विचाराल तर मधल्या गटातल्याने केमो निवडली तरी भावंडांची एचएलए तपासणी (स्टेम सेल जुळतात का ते पाहणारी) याच महिन्यात उरकावी.

सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नाही जुळलं तर आई, वडील किंवा मूल अर्धं जुळतंच, आणि हल्ली अशी हाफ-मॅच ट्रान्सप्लांटही होतात. एक गोष्ट मात्र आधीच सांभाळा: प्लेटलेट लागल्या की चुलतभावापासून सगळे धावत येतात, पण ट्रान्सप्लांटची शक्यता असताना रक्ताच्या नातेवाइकांचं रक्त रुग्णाला देऊ नये. मित्रांना बोलवा.

केमोचा त्रास ओळखीचा: रक्तातल्या पेशींचा काउंट पडणं, ताप, पुन्हा भरती. सायटाराबीनच्या डोसाआधी सिस्टर कागदावर सही करायला लावतात. अक्षर वेडंवाकडं आलं तर डोस थांबतो, कारण हे औषध लहान मेंदूवर जाऊ शकतं. डोळ्यांत स्टेरॉइडचे थेंबही वेळच्या वेळी.

ट्रान्सप्लांटमध्ये स्टेम सेलची पिशवी रक्तासारखी चढते, तो दिवस त्या मानाने सोपा. काउंट यायला दोन-तीन आठवडे. पुढे जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशींचा रुग्णाच्या शरीरावर हल्ला: अंगावर पुरळ, जुलाब, कावीळ. त्याच पेशी उरलेल्या ल्युकेमियालाही मारतात, म्हणून तर हा खटाटोप. मूल हवं असेल तर त्याआधीच स्पर्म किंवा एग बँकिंगचं विचारा.

पहिले शंभर दिवस हॉस्पिटलजवळ राहावं लागतं. सोलापूर-साताऱ्याहून येणारे एरंडवणे, कर्वे रोडकडे खोली शोधतात. भाडं ठरवण्याआधी शेजारी रिडेव्हलपमेंट चालू नाही ना, ते पाहा. पुण्यात अशी गल्ली सापडणं अवघडच, पण बांधकामाच्या धुळीतली अस्परजिलस बुरशी या रुग्णांच्या जिवावर बेतू शकते. खर्चाचं पत्रक लेखी घ्या आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलात निर्धन व दुर्बल घटकांच्या राखीव खाटांबद्दल समाजसेवा विभागात भरतीआधीच विचारा.