हार्पसिकॉर्डवर आधी कोण ऐकावा: बाख की कूपराँ?

हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखं पट्ट्यांचं जुनं वाद्य; त्याची तार पिसाच्या टोकाने छेडली जाते. पट्टी जोरात दाबा वा हळू, आवाज जवळजवळ तेवढाच. मग भाव आणायचा कुठून?

जर्मन संगीतकार बाख तो बांधणीतून आणतो. त्याच्या सहा पार्तिता, म्हणजे नाचांवर बेतलेल्या रचनांच्या माला, १७२६पासून एकेक करून छापल्या गेल्या, १७३१मध्ये एकत्र आल्या. आलमांद, कुरांत, साराबांद, जीग हा नाचांचा सांगाडा जवळजवळ पक्का. पहिल्या पार्तितेच्या जीगमध्ये डावा हात सारखा उजव्यावरून उडी घेतो. पण हे संगीत पियानोवरही तितकंच उभं राहतं.

फ्रेंच संगीतकार फ्रान्स्वा कूपराँचं तसं नाही. १७१३ ते १७३०मधल्या त्याच्या चार पुस्तकांत २७ ‘ऑर्द्र’ (अशाच रचनांच्या माला) आहेत, आणि नाचांपेक्षा चित्रमय नावांच्या रचनाच जास्त. ‘ले बारिकाद मिस्तेरिअझ’ (‘गूढ अडथळे’) ही रचना घ्या. दोन्ही हात खर्जाकडे, एक सूर विरायच्या आत दुसरा त्यावर येऊन बसतो. सूर एकमेकांत मिसळून असे घुमतात की मला तंबोऱ्याला कान लावून बसल्यासारखं वाटतं. पियानोवर हेच मला गढूळ वाटतं. हार्पसिकॉर्डवर प्रत्येक तार वेगळी कळते.

बाख मला फार प्रिय आहे. तरी हार्पसिकॉर्ड पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या हाती मी कूपराँच देईन.